पाहुणे आले, पाठ बुडाला

आमगावला गाडीतून उतरा. मुंबई-हावडा लोहमार्गावरचं, गोंदियाच्या पूर्वेचं हे स्टेशन. दिवाळी नुकतीच सरलेली असावी, कारण या मुलखात यायचं ते याच दिवसांत. हलका धान कापून झालाय, बांध्यांमध्ये कडपा पसरल्यात, भारी धान अजून उभा आहे. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटक असतं. तुम्हीही आज रात्री नाटकालाच जाणार आहात. तोवर दिवस तुमचा आहे. जवळच्या पदमपूरला चला.

गाव छोटं आहे. संस्कृत नाटककार भवभूतीने आपलं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं असल्याचं लिहून ठेवलं आहे आणि ते पद्मपूर म्हणजे हेच पदमपूर, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. त्यांनी हे मांडलं तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. वाकाटकांच्या दुर्ग ताम्रपटातही पद्मपुराचं नाव येतं. आमगावच्या महाविद्यालयाने भवभूतीचंच नाव घेतलं आहे.

आता बांधावर उभे राहा आणि डोळ्यांसमोरून एकेक गोष्ट जाऊ द्या. विजेचे खांब गेले. डांबरी रस्ता गेला. सिमेंटची घरं गेली. १३०० वर्षं मागे या. धान आहे, तळं आहे, बोरीची झाडं आहेत आणि एका पडवीतून मुलांचा घोकण्याचा आवाज येतोय. हे घर काश्यप गोत्राचं, तैत्तिरीय शाखेचं, उदुंबर म्हणवणाऱ्या ब्राह्मणांचं. पूर्वजांपैकी एकाने वाजपेय यज्ञ केलेला. आजोबा भट्ट गोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी. पडवीतल्या मुलांमध्ये एक श्रीकंठ आहे. पुढे जग त्याला भवभूती म्हणून ओळखेल.

थोडा वेळ तिथेच थांबा. समजा, दारात कुणी थोर पाहुणे आले. पाहुणे आले की वेदपाठ थांबवायचा, हा जुना नियम. त्या दिवसाला अनध्याय म्हणतात. गुरुजी उठतात, आई चुलीकडे वळते, एक मुलगा पाण्याला धावतो, दुसरा सरपणाला. काम वाढलेलं असतं, तरी चेहरे फुललेले असतात, कारण पाठ बुडाला आहे. श्रीकंठाच्या लहानपणचा असा दिवस कुणी लिहून ठेवलेला नाही. पण हा आनंद त्याने पोथीत वाचून घेतला असेल, असं मला वाटत नाही. तो ज्या बारकाईने पुढे रंगमंचावर आणतो, ती बारकाई घरातूनच येते.

आता काही वर्षं पुढे सरका आणि पद्मपूर सोडा. कालप्रियनाथाची यात्रा भरली आहे. मिराशींच्या मते हे देवस्थान यमुनाकाठच्या काल्पीचं, इतर काही अभ्यासकांच्या मते उज्जैनचं. आठव्या शतकाची सुरुवात आहे. कनौजच्या यशोवर्म्याच्या पदरी भवभूती होता, असं राजतरंगिणी सांगते. यात्रेच्या गर्दीत तुम्ही धक्के खात पुढे सरकता आणि प्रेक्षकांत जागा मिळवता. सूत्रधार येतो, नाटकाचं नाव सांगतो: उत्तररामचरित.

पहिले तीन अंक तुम्ही पाहता. पहिल्या अंकात राम गरोदर सीतेला वनात पाठवतो. दुसऱ्यात बारा वर्षं लोटलेली आहेत. तिसऱ्यात राम पुन्हा गोदावरीच्या काठी, जनस्थानात येतो. सीता त्याच्या अगदी जवळ उभी आहे, पण भागीरथीच्या प्रसादाने कुणाला दिसत नाही. राम शोकाने मूर्च्छित होतो, ती त्याला स्पर्श करून शुद्धीवर आणते, आणि त्याला कळत नाही की हा स्पर्श खरा की भास. तुमच्या शेजारी बसलेला म्हातारा उपरण्याने डोळे पुसतोय. तुमचाही गळा दाटला आहे. एवढ्या दुःखानंतर नाटककार आता काय दाखवणार?

तो तुम्हाला स्वयंपाकाच्या वासाजवळ नेतो.

चौथा अंक उघडतो तो वाल्मीकींच्या आश्रमात. दोन तरुण शिष्य येतात, दांडायन आणि सौधातकी. आश्रमात आज पाहुणेच पाहुणे आहेत. दांडायन कौतुकाने सगळं दाखवू लागतो. नीवाराच्या भाताची, म्हणजे आपल्याकडच्या देवभाताची, गरम गोडसर पेज आहे. नुकत्याच व्यालेल्या हरिणीने पिऊन उरवलेली ती पेज आश्रमातला हरीण पोटभर पितोय. तूप घातलेल्या भाताचा वास सुटलाय आणि त्यात मिसळलाय बोरं घालून शिजवलेल्या भाजीचा वास. तुम्ही पदमपूरच्या बांधावर बोरी पाहून आला आहात, पेजही या भागाला नवी नाही. हे पात्र ज्या आश्रमाचं वर्णन करतंय, त्याची चूल तुम्हाला ओळखीची वाटू लागते.

सौधातकीला मात्र त्या सौंदर्यात रस नाही. त्याच्या दृष्टीने आजच्या दिवसाची एकच थोरवी आहे: अभ्यास बंद. ज्यांच्या येण्याने सुटी मिळाली, त्या पांढऱ्या दाढ्यांचं तो मनापासून स्वागत करतो. दांडायनाला हसू येतं. गुरुजनांविषयी असा अपूर्व आदर त्याने कधी पाहिलेला नसतो. मग सौधातकी विचारतो, एवढ्या म्हाताऱ्या बायकांचा तांडा घेऊन हा कोण पाहुणा आलाय? आता दांडायन रागावतो. अरे, हे भगवान वसिष्ठ आहेत! ऋष्यशृंगाच्या आश्रमातून अरुंधतीला आणि दशरथाच्या राण्यांना घेऊन आले आहेत. त्यावर सौधातकी म्हणतो, मला तर वाटलं होतं, वाघ किंवा लांडगाच आला. कारण हा पाहुणा आला आणि आश्रमातली बिचारी वासरी गेली.

प्रेक्षकांत हशा पिकतो. शेजारचा म्हाताराही हसतोय. डोळे अजून ओलेच आहेत.

या दोघांकडे नीट बघा, कारण भवभूतीचं कौशल्य इथे आहे. दोघेही आश्रमातलं हाताखालचं मनुष्यबळ आहेत. पाहुणचाराचा भार मोठ्यांच्या नावावर, धावपळ यांच्या पायांवर. कोण आलं, कुणाला काय वाढलं, कुणासाठी काय खर्ची पडलं, याचा खरा हिशेब अशा मंडळींकडेच असतो. पण दोघांचे स्वभाव पार वेगळे. दांडायन नियमाने चालणारा. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे शास्त्राचा आधार तयार. तो संस्कृतात बोलतो. सौधातकी सुटीवर डोळा ठेवून असलेला, मोठ्यांच्या वलयाला न दबणारा, आणि वासरीसाठी जीव तुटणारा. तो प्राकृतात बोलतो. म्हणजे रोजच्या, घरच्या, बाजाराच्या बोलीत. एकाच कामावरची दोन माणसं, पण एक वरिष्ठांच्या भाषेत बोलतो आणि एक आपल्या. नाट्यशास्त्रात अशा संमिश्र भाषेच्या जोडप्रवेशाला मिश्र विष्कंभक म्हणतात. दोन अंकांना जोडणारी आणि मधली माहिती पुरवणारी ही जागा. पुष्कळ नाटककार ती माहिती देऊन उरकून टाकतात. भवभूती तिथे दोन जिवंत माणसं उभी करतो.

आता वाद पेटतो. दांडायन शास्त्र सांगतो: वेदज्ञ अतिथी आला तर गृहस्थाने मधुपर्क, म्हणजे दही-मधाचा सत्कार, मांसासह द्यावा, असं धर्मसूत्रकारांचं वचन आहे. त्या काळचे रिवाज आजच्यापेक्षा वेगळे होते, आणि खुद्द आठव्या शतकातल्या या नाटकातही वासरीबद्दल हळहळणारा मुलगा आहे, हे लक्षात ठेवा. सौधातकी लगेच त्याला कोंडीत पकडतो. म्हणतो, हरलास! वसिष्ठ आले तेव्हा वासरी गेली. पण आजच राजर्षी जनक आले, तेव्हा वाल्मीकींनी नुसतं दही-मध दिलं आणि वासरी सोडून दिली. नियम एक असेल तर पानं दोन कशी?

हा प्रश्न ज्याने कधी पंगतीत वाढलं असेल त्याला लगेच कळतो. कुणाच्या पानात काय पडलं, हे जेवणाऱ्यापेक्षा वाढणाऱ्याला आधी दिसतं. मोठ्यांचे नियम कुठे वाकतात, तेही त्यालाच दिसतं. सौधातकीचा विनोद त्या नजरेतून येतो. त्याला विनोद करायचा नाहीये. त्याला एक साधी गोष्ट समजून घ्यायची आहे.

तुम्ही दांडायनाच्या उत्तराची वाट बघता. त्याच्याकडे उत्तर आहे. मांस खाणाऱ्यांसाठी तो नियम आहे आणि जनकांनी मांस सोडलं आहे. का सोडलं? सौधातकी पुन्हा विचारतो. दांडायन सांगतो, सीतेच्या नशिबी काय आलं हे कानावर पडल्यापासून ते वानप्रस्थ झाले. चंद्रद्वीपाच्या तपोवनात तप करताना त्यांची काही वर्षं गेली.

हशा थांबतो. तुमच्या लक्षात येतं की तुम्ही नकळत पुन्हा त्याच दुःखापाशी येऊन पोचला आहात. जेवणाच्या पानावरून निघालेली थट्टा एका बापाच्या उपासापर्यंत आली. भवभूतीने तुम्हाला हसवलं ते रडण्यातून सुटका म्हणून नव्हे. हसता हसता तुम्ही दोन पावलं पुढे आलात आणि त्या पावलांनी तो तुम्हाला जनकाच्या समोर घेऊन गेला. विनोदाचं उत्तरच शोकाचं दार ठरलं. रचनेची ही सफाई तेराशे वर्षांनंतरही शिकण्याजोगी आहे.

जाता जाता सौधातकी आपला मुद्दा पुरा करतो. म्हातारे म्हाताऱ्यांना भेटताहेत, मग आपणही पोरांत जाऊन सुटी साजरी करू. झाडाखाली बसलेल्या जनकाकडे बोट दाखवून दोघे निघून जातात.

इथे क्षणभर मागे वळून विदूषक आठवा. संस्कृत नाटकात हसवायचं काम बहुधा त्याचं असतं. नायकाचा मित्र, जातीने ब्राह्मण, खाण्याचा लोभी. कालिदासाच्या शाकुंतलात माधव्य आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिकात मैत्रेय आहे. तो वसंतसेनेच्या वाड्यातली एकामागून एक दालनं बघत जातो आणि स्वयंपाकाच्या चौकात येताच हिंग-तेलाच्या वासाने आणि तळल्या जाणाऱ्या पदार्थांनी त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. मैत्रेय मुदपाकखान्याकडे बघतो तो बाहेरून, खाणाऱ्याच्या नजरेने. भवभूतीच्या तिन्ही नाटकांत, मालतीमाधवात, महावीरचरितात आणि उत्तररामचरितात, विदूषक नाहीच. त्यामुळे भवभूतीला विनोद जमत नव्हता असं पुष्कळदा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. त्याने ठरलेला विनोदवीर काढून टाकला आणि हसू कामावरच्या माणसांकडे सोपवलं. सौधातकी चुलीच्या वासात उभा आहे, पण त्याची नजर पाहुण्यांच्या पानावर आणि आपल्या सुटीवर आहे. हे विनोदाचं वेगळं, जास्त अवघड घराणं आहे.

याच घराण्याचं त्यामानाने अलीकडचं उदाहरण हवं असेल तर इंग्लंडमधली ‘फॉल्टी टॉवर्स’ ही मालिका बघा. १९७५ आणि १९७९ अशा दोन खेपांत मिळून तिचे १२ भाग आले. एक हॉटेल, तापट मालक, गोंधळलेला वेटर आणि दारात येणारे पाहुणे. मालक पाहुण्यांसमोर जे नाटक करतो, ते नोकरांना आतून दिसत असतं. पाहुणा आला की घराची घडी बदलते, प्रत्येकाचा खरा स्वभाव वर येतो आणि त्यातून हसू पिकतं. चौथ्या अंकाचा आरंभ याच यंत्रावर चालतो. फरक एवढाच की भवभूतीला त्या हशातून शोकाकडे जायचं आहे.

चला, अंक अजून संपलेला नाही. जनक आणि कौसल्या समोरासमोर येतात. विहिणीची आणि व्याह्याची ही भेट बघवत नाही. तेवढ्यात पडद्यामागे पोरांचा गलका होतो. सौधातकीला हवी होती ती सुटी आता रंगात आली आहे. त्या खेळणाऱ्या पोरांत एक सावळा मुलगा कौसल्येच्या नजरेत भरतो. तो लव. आजी नातवाला पाहते, आणि तिला त्याच्यात राम दिसतो. लक्षात घ्या, आज अनध्याय नसता तर लव पाठाला बसलेला असता आणि ही भेट झालीच नसती. चुलीपाशी केलेली सुटीची थट्टा कथानकाचा कणा होऊन बसली.

मग पोरं धावत येतात. आश्रमाजवळ एक विलक्षण प्राणी आलाय! अश्वमेधाचा घोडा आहे तो, पण या पोरांनी घोडा कधी पाहिलेला नाही, फक्त ऐकलेला-वाचलेला आहे. त्यामुळे ती त्याचं वर्णन अंगोपांगांनी करतात. मागे मोठं शेपूट आहे, ते सारखं हलवतो, मान लांब आहे, खूर चार आहेत, गवत खातो आणि आंब्याएवढी लीद टाकतो. लव तो घोडा अश्वमेधाचा असल्याचं ओळखतो आणि म्हणतो, मूर्खांनो, अश्वमेधाचं ते प्रकरण तुम्हीही वाचलंय की! संपूर्ण रामकथेत अश्वमेधाच्या घोड्याचं असं वर्णन दुसरं कुणी केलं नसेल. राजाच्या सत्तेचं सगळ्यात मोठं चिन्ह आश्रमातल्या पोरांनी खूर आणि लीद मोजून समजून घेतलं. आणि त्या हशातून पुढच्या अंकातलं लवाचं युद्ध उभं राहतं.

आता परत निघा. कालप्रियनाथाची यात्रा मागे पडते आणि तुम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावात, आजच्या रात्री, मंडईच्या नाटकाला येऊन बसता. कुणी तरी सरकून म्हणतो, “काऊन उभे जी, बसा ना.” भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग, ही झाडीपट्टी. दिवाळीपासून होळीपर्यंत इथे रात्रभर नाटकं चालतात. कंपन्यांचं मोठं केंद्र वडसा-देसाईगंज. गावात नाटक असलं की घराघरांत पाहुणे येतात, मुलगी-जावई येतात, चुली रात्री उशिरापर्यंत पेटत्या असतात. म्हणजे बाहेर नाटक आणि आत पाहुणचार. चौथ्या अंकातला आश्रम तुम्हाला प्रत्येक अंगणात दिसतो.

रंगमंचावर एका घराची वाताहत चालली आहे, बाया पदराने डोळे पुसताहेत. तेवढ्यात विनोदी नट येतो. घरचा गडी असेल किंवा गावातला कुणी रिकामटेकडा. पहिल्याच वाक्याला मंडप हसून कोसळतो. तो जे बोलतो ते घरातल्या मोठ्यांना कधी बोलता आलं नसतं. याच कलेसाठी झाडीपट्टीने नटांना जीव लावला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्याचे परशुराम खुणे यांनी याच रंगभूमीवर विनोदी भूमिकांतून नाव कमावलं आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भवभूतीपासून या नटापर्यंत सरळ परंपरा आली, असं मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पण पाणावलेल्या डोळ्यांना मधेच हसवायचं आणि त्या हसण्यातूनच पुन्हा दुःखाकडे न्यायचं, ही कारागिरी दोन्हीकडे एकच आहे. आणि दोन्हीकडे ती करतो तो कामावरचा माणूस, मोठ्यांच्या मागे उभा राहून सगळं पाहणारा.

माझी मागणी साधी आहे. भवभूतीचं नाव गोंदिया जिल्ह्याने अभिमानाने लावलं आहे, आता त्याचं नाटकही खेळावं. संपूर्ण उत्तररामचरित करायला मोठी तयारी लागेल. पण चौथ्या अंकाचा आरंभ करायला दोन नट पुरेत. त्यातला सौधातकी प्राकृतात बोलतो. त्याला झाडीबोलीत बोलू द्या. दांडायनाला प्रमाण मराठीत शास्त्र सांगू द्या. आमगावच्या महाविद्यालयाचं स्नेहसंमेलन असो की वडशाच्या कंपनीचा रात्रीचा खेळ, हा प्रवेश कुठेही बसेल. प्रेक्षकांना तो समजावून सांगावा लागणार नाही. इथे प्रत्येकाने कधी ना कधी पंगतीत वाढलेलं आहे आणि कुणाच्या पानात काय पडलं ते पाहिलेलं आहे.

आणि नाटक कुणी करेपर्यंत तुम्ही तो अंक वाचा. परशुरामतात्या गोडबोल्यांनी एकोणिसाव्या शतकातच उत्तररामचरित मराठीत आणलं, पुढेही अनुवाद झाले. भवभूती फक्त रडवतो असं ज्यांनी शाळेत ऐकलं असेल, त्यांनी तर तो नक्की वाचावा. विदर्भाच्या या नाटककाराला हसवता येत होतं, आणि ते त्याने चुलीजवळच्या माणसांकडून करवून घेतलं.